बाबांच्या अंगणात कोण आहे

४ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र कागदावर आणि हाताने लिहिते आहे. आजपासून माझ्या नावाने तुला मेल आला तर उघडू नकोस. मी अडकले आहे, रडते आहे, असं त्यात काहीही लिहिलेलं असलं तरी उघडू नकोस. ती मी नसेन. काल आमच्या औषधालयाच्या मुख्य बाई माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "तू मला खेळातलं कसलं बक्षीस पाठवलंस गं? मी कधी पत्ते तरी खेळते का?" मी काहीच पाठवलं नव्हतं. तेव्हापासून मला माझ्याच नावाची भीती वाटते आहे.

तुझ्या दुकानात फोन करता आला असता. पण तोंडाने सांगायला लागले की मी स्वतःला सोडवून घेत बोलते, हे मला ठाऊक आहे. कागदावर तसं केलं तर निदान दिसतं.

३० ऑक्टोबरची सकाळ आठवते ना? मी फोनवर तुला एक मेल वाचून दाखवला होता. वर बाबांच्या संगणकावरच्या 'वस्ती' खेळाचं चिन्ह होतं, खाली निळं बटण. 'आपलं खातं मूळ व्यक्ती वापरत नसल्याचं आढळलं आहे. ४८ तासांत खात्री न केल्यास खातं व त्यातील सर्व बांधकाम कायमचं पुसलं जाईल.' वाटलं, आपण पकडले गेलो. बाबांना जाऊन पाच महिने झाले, तरी त्यांचं खातं आपण चालू ठेवलं, ते माझ्या मेलला जोडून घेतलं आणि कोणालाही कळवलं नाही. निवृत्तीनंतरची सात वर्षं बाबांनी त्या वस्तीत घालवली. जन्मभर जमिनी मोजल्या तशाच तिथे मोजून रस्ते आखले, घर बांधलं, अंगणात वाफे केले. आई अजूनही रोज चारला स्वतःच्या खात्यातून त्या अंगणात जाते आणि वाफ्यांना पाणी घालते. ते अंगण पुसलं गेलं तर तिला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी वाचत गेले, तू "हो, हो, बरोबर" म्हणत गेलास. मग मी बटण दाबलं, समोर आलेल्या पानावर बाबांचं नाव आणि पासवर्ड भरला.

दादा, आमच्याकडे प्रत्येक औषध दोघांनी तपासायचं असतं. एकाने बाटलीवरचं वाचायचं आणि दुसऱ्याने बाटली हातात घेऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. ऐकून 'हो' म्हणायचं नाही, कारण वाचणारा जे तिथे असायला हवं तेच वाचतो. अठरा वर्षं मी हे नव्या लोकांना शिकवते आहे. आणि त्या दिवशी मी तुला तो मेल नुसता ऐकवला, तुझ्या 'हो'ला तपासणी समजले. पाठवणाऱ्याच्या जागी खेळाचं नाव दिसत होतं, तेच वाचलं. त्या नावामागचा पत्ता उघडून बघितलाच नाही. काल बघितला. तो खेळाचा नाहीच, दुसऱ्याच कुठल्या तरी दाराचा आहे.

त्या दिवशी डायरीत मी एकच ओळ लिहिली आहे: 'बाबांचं खातं वाचवलं.'

आता ते खातं मला उघडता येत नाही. पासवर्ड बदललेला आहे. आईला यातलं काही सांगू नकोस. ती तिच्या खात्यातून जाते, तिला काही कळायचं नाही. तोवर मी मार्ग काढते.

धाकटी

७ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

पत्र मिळालं. कोर्टात उभं राहून कबुली द्यावी तसं लिहिलंयस. निम्मी कबुली माझी आहे, ती पण लिहून घे.

त्या सकाळी माझ्या एका डोळ्याला भिंग होतं आणि समोर एका बाईंचं मनगटी घड्याळ उघडलेलं. त्यातला सर्वांत बारका स्क्रू चिमट्यात होता. तू वाचत होतीस, मी हो म्हणत होतो. त्या वेळी 'बाबा परत आलेत' असं वाचलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं. त्यामुळे तू एकटीने ऊर बडवून घेऊ नकोस.

तुझ्या नावाने मला मेल आलाय. परवा. 'दादा, मोफत झाडं मिळताहेत, इथे दाब.' तू मला जन्मात काही मोफत दिलेलं नाहीस, म्हणून मला आधीच संशय आला. उघडला नाही.

तुझं ऐकून आईला काही सांगितलेलं नाही. आणि सांगायची गरजही वाटत नाही, कारण चार दिवस झाले ती खुशीत आहे. खरंच सांगतो. बाबा गेल्यापासून मी तिला अशी बघितली नव्हती. परवा दोनदा जेवायला वाढून घेतलं. केस विंचरून बसते. चारच्या जागी तीनलाच संगणकापुढे जाते, आणि काल तर आतून दार लोटून घेतलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "वारा येतो." आता तिथे कुठला वारा, ती खोली तर बाजूच्या इमारतीला चिकटलेली. पण बसू दे म्हटलं. माणूस हसतंय तर कशाला विचारायचं.

तेव्हा घाबरू नकोस. फार तर काय, खेळ आहे तो. त्या चोराला काय मिळणार? बाबांची फावडी आणि दगड.

दादा

१० नोव्हेंबर

दादा,

'खुशीत आहे' हे शब्द मी तीनदा वाचले. ती कशाने खुशीत आहे, हे तू बघितलंस का?

पहिल्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं. स्वतःला सोडवून घेणार नाही म्हणाले आणि तेच केलं. दोन गोष्टी लपवल्या. एक, बाबांच्या खात्याचा आणि माझ्या मेलचा पासवर्ड एकच होता. लक्षात राहावा म्हणून मीच तसा ठेवला होता. म्हणून चोर माझ्या मेलमध्येही शिरला. दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. पासवर्ड भरल्यावर माझ्या फोनवर सहा आकडी नंबर आला. त्याखाली स्पष्ट लिहिलं होतं, 'हा नंबर कोणालाही सांगू नका.' मी तो वाचला आणि त्याच पानावर भरला. माझी समजूत अशी की 'कोणालाही' म्हणजे दुसऱ्या कोणालाही. समोरच्यालाच देते आहे, हे डोक्यात आलं नाही.

मेल परत मिळवला आहे, सगळीकडे वेगवेगळे पासवर्ड केले आहेत. खेळाच्या कंपनीशी बोलणं झालं. या वेळी पत्ता माझा मी टाइप करून गेले, कुठल्याही बटणावरून नाही. त्यांनी सांगितलं की ते कधीच मेलमधून पासवर्ड मागत नाहीत, आणि खात्याला खरंच काही झालं असतं तर आत शिरल्यावर तशी सूचना दिसली असती. म्हणजे त्या सकाळी मी बटणाऐवजी नेहमीसारखी खेळात गेले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं. तोच मेल हजारो लोकांना गेला होता. तो बाबांबद्दल नव्हताच. मला वाटलं कोणी तरी आपल्याला ओळखलं, आणि तिथे आपण कोण आहोत हे कोणाला माहीतसुद्धा नव्हतं.

खातं परत द्यायला त्यांना पुरावा हवा आहे. बाबांनी खेळ घेतला तेव्हाची पावती. त्यांच्या लोखंडी कपाटात नकाशांच्या नळकांड्यांमागे निळ्या फायली आहेत, तिथे असेल. शोध.

आता मला ज्याची भीती वाटते ते लिहिते. चोराला दगड-फावडी तर हवीच असतात, पण त्याहून जास्त त्या माणसाच्या ओळखीचे लोक हवे असतात. म्हणूनच त्याने माझ्या नावाने तुला आणि मुख्य बाईंना लिहिलं. मग बाबांच्या नावाने तो कोणाला लिहील? खेळातला बाबांचा तो हिरव्या टोपीचा माणूस रिकाम्या अंगणात पाच महिने बाकावर बसलेला होता. तो उठला असेल तर? चालत असेल तर? आई रोज समोरच असते.

तिच्या मागे जाऊन उभा राहा. आजच. आणि मला सांग.

धाकटी

१३ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

काल फोनवर मी तुला अर्धंच सांगितलं, आई शेजारी बसली होती. तू 'तिचं खातं बंद कर, नंबर देऊ देऊ नकोस' म्हणत होतीस आणि मी 'हं, हं, इकडे पण थंडी आहे' म्हणत होतो. आता सगळं लिहितो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. घरी आलो तर आईच्या खोलीचं दार लोटलेलं. मी हळूच ढकललं. ती पाठमोरी होती. पडद्यावर बाबांचं अंगण. आणि हिरव्या टोपीचा माणूस उभा होता गं. वाफ्यांतली झाडं एकेक उपटून पिशवीत घालत होता. मला माहीत होतं की तो कोणी तरी चोर आहे, तरी मी दारातच थांबलो. बाबांसारखाच चालत होता तो. चालणारच, माणूस तोच आहे, फक्त दोरी दुसऱ्याच्या हातात.

मी म्हटलं, "आई, हे कोण आहे?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. तिला कळेल."

"कोणाला?"

"तुझ्या बहिणीला."

मला काही सुधरेना. मग तीच सांगायला लागली. म्हणाली, "मला काय कळत नाही का रे? ते गेले, मी बघितलंय. ते कशाला येतील? त्यांचा पासवर्ड तिच्याकडे. तुला तर एका बोटाने धड नाव टाइप करता येत नाही. मला बरं वाटावं म्हणून ती त्यांचं रूप घेऊन येते. लहानपणी नाही का, मी आजारी असले की डॉक्टर होऊन यायची, बाबांचा शर्ट घालून. तुला कळलंय हे तिला दाखवू नकोस. ओशाळेल, मग यायची नाही."

मी म्हटलं, "आणि झाडं का उपटतेय ती?"

तर म्हणाली, "नवी लावायची असतील. मास्तरीण आहे ती, तिचं काही तरी ठरलेलं असेल."

मला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तिचा चेहरा बघितला आणि सांगता आलं नाही. मी संगणकाची वायर काढली आणि म्हटलं, बिघडला. म्हणाली, "तू घड्याळं दुरुस्त कर, त्याला हात लावू नकोस."

आता खरं वाईट ऐक. मागच्या पत्रात मी 'ती खुशीत आहे' म्हटलं होतं. ते संपलं. त्या दिवशी मी पोचलो तेव्हाच तिचे डोळे सुजलेले होते. काल दिवसभर जेवली नाही. आणि नंबर तिने दिलाय. तिच्या फोनवर आलेला. मी विचारलं, का दिलास, तर म्हणाली, "तिने मागितला. तिला नाही कसं म्हणू? आता तर नाहीच." हे 'आता तर' काय ते सांगत नाही.

पावती सापडली, सोबत पाठवतो. बाबांनी त्यावर लाल शाईने तारीख घातलीय, नेहमीसारखी.

तू लिही तिला. माझ्याने होणार नाही. मी रोज समोर असतो म्हणूनच होत नाही.

दादा

१६ नोव्हेंबर

आई,

हे पत्र बसून वाच, आणि दादाला शेजारी बसव.

बाबांच्या अंगणात जो येत होता तो मी नव्हते. एकदाही नव्हते. ३० ऑक्टोबरला मी एका खोट्या मेलला फसले आणि बाबांच्या खात्याची किल्ली माझ्या हाताने एका चोराला दिली. तेव्हापासून तो त्यांच्या टोपीआडून वावरतो आहे. तो कोण, कुठला, मला माहीत नाही. कोणालाच कळेल असं वाटत नाही.

याहून मोठी चूक मी नंतर केली. मी दादाला सांगितलं, आईला कळवू नकोस. तुला त्रास होऊ नये म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता विचार करते तेव्हा वाटतं, मला फक्त तुझ्यासमोर मूर्ख ठरायचं नव्हतं. त्याच दिवशी तुला फोन केला असता, तर बाकावरून तो माणूस उठलेला बघताच तू संगणक बंद केला असतास. मी गप्प राहिले आणि त्या जागेत चोर बोलत राहिला.

तुझं खातं परवा दादाने आणि मी फोनवर बसून बंद केलं, त्यामुळे तुझ्या बाजूने आता काही जाणार नाही. यापुढे नंबर मागणारा कोणीही असो, मी असो, दादा असो, बाबांची टोपी घातलेला असो, द्यायचा नाही. शंका आली तर दादाला हाक मार. तो हसेल, पण येईल.

तू मला ओळखलं आहेस असं तुला वाटत होतं, आणि मला ओशाळायला नको म्हणून तू दादालाही ते लपवायला सांगितलंस. हे दादाने लिहिलं तेव्हा मी औषधालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. आई, खरं तर मला तसं करायचं सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

तू त्याच्याशी काय बोललीस ते मला माहीत नाही. रागावली असशील तर माझ्यावर रागाव.

धाकटी

२० नोव्हेंबर

धाकटे,

आईने तुझं पत्र वाचलं. मी शेजारी होतो. तिने शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, पाकिटात ठेवलं. मला वाटलं रडेल, किंवा तुला चार शब्द ऐकवेल. तिने एकच विचारलं.

"मग मी जे सांगितलं ते ऐकलं कोणी?"

मी म्हटलं, "काय सांगितलंस?"

तर उठली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तेव्हापासून असंच चाललंय. फोन वाजला की दचकते. दाराची बेल वाजली की आधी मला विचारते, कोण आहे ते बघ, ओळखीचं आहे का. काल दूधवाल्याला दारातूनच परत पाठवलं. खिडकी लावून घेते. त्या बंद संगणकावर तिने जुनी चादर टाकलीय, तो तिच्याकडे बघतोय असं वाटतं म्हणे. मी थट्टा करायला गेलो, चादर कशाला, गोधडी घाल, त्याला पण थंडी वाजत असेल. हसली नाही. मग मलाही हसू आलं नाही.

तिला दोन गोष्टी हव्यात. मी तिच्याच शब्दांत लिहितो. 'तिथे लिहिलेलं राहतं का? आणि ते पुसता येतं का?'

काय लिहिलंय तिने, मला माहीत नाही. बाबांबद्दल आहे, एवढा अंदाज आहे. तुझ्याशी म्हणून लिहिलेलं आहे, तेव्हा मी विचारणं बरं दिसत नाही. पण मला भीती वाटायला लागलीय. चोराची नाही. घरातच काही तरी आहे आणि ते मला माहीत नव्हतं, याची.

दादा

३० नोव्हेंबर

आई,

बाबांचं खातं काल परत मिळालं. पावती चालली. बाबांच्या लाल तारखेमुळे काम झालं, खात्याची पहिली नोंद त्याच दिवसाची निघाली.

अंगण तसंच्या तसं नाही. झाडं नेली, वाफे रिकामे आहेत, ओट्याचे दगडही काढले आहेत. रस्ते राहिले. रस्ते कोणी विकत घेत नसावं.

आता तू विचारलेलं. तिथे लिहिलेलं राहतं. मी खातं उघडलं तेव्हा शेवटचं बोलणं आपोआप समोर आलं. पहिली ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली, ती टाळता आली नाही. 'बाळ, तू आहेस हे मला माहीत आहे.' एवढीच. मी लगेच पडद्यावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला. तो अजून तसाच आहे.

काल दुपारभर मी त्या कागदासमोर बसले होते. एकदा वाटलं, हे माझ्याशीच बोललेलं आहे, वाचायचा मला हक्क आहे. मग वाटलं, ज्याने आधी वाचलं त्यालाही हक्क नव्हता, आणि तुला न विचारता वाचणारी मी दुसरी होईन. शिवाय वाचायची जी ओढ होती ती सगळी तुझ्या काळजीपोटी होती का, याची मला खात्री देता येत नाही. म्हणून वाचलं नाही.

पुसता येतं. तू सांगशील तेव्हा, न वाचता पुसेन. पण खोटं आश्वासन देत नाही: त्याने जे वाचलं ते वाचलं. एक गोष्ट कंपनीच्या माणसाने सांगितली. असे लोक एकाच वेळी शंभर-शंभर जणांशी बोलत असतात, उत्तरं आधीच लिहून ठेवलेली असतात. समोरच्याने काय लिहिलं ते बहुधा बघतही नाहीत. हे ऐकून मला हायसं वाटलं, आणि लगेच त्याहून जास्त भीती वाटली. तुला काय वाटेल ते मला सांगता येत नाही.

धाकटी

४ डिसेंबर

बाळ,

पुसून टाक. वाचू नकोस. जे तिथे लिहिलं ते मी इथे लिहिते, म्हणजे ते एकदा तरी बरोबर माणसाकडे जाईल.

तुम्हाला दोघांना मी सांगितलं होतं की बाबा झोपेत गेले. ते खरं नाही.

शेवटचे दोन महिने ते अंथरुणावर होते आणि त्यांचा जीव त्या वाफ्यांत होता. रोज विचारायचे, पाणी घातलंस का. मला त्या खेळाचं काही कळत नव्हतं, त्यांच्यासाठी शिकले. त्या दिवशी चारला मी संगणकापुढे बसले. दादा दुकानात होता. सव्वाचारच्या सुमाराला त्यांनी हाक मारली. "अगं." मी म्हटलं, "आले हं, दोन वाफे राहिलेत." त्यांनी परत हाक मारली, जरा हळू. मी ते दोन वाफे पुरे केले. मुद्दाम नाही केलं. त्यांनीच सांगितलेलं काम होतं, अर्धं सोडलं तर चिडायचे. मग उठले. चार मिनिटं झाली असतील. खोलीत गेले तेव्हा ते दाराकडे बघत होते.

डॉक्टर म्हणाले, काही करता आलं नसतं. पण डॉक्टरांना मी ती चार मिनिटं सांगितलीच नाहीत. कोणालाच सांगितली नाहीत. रोज चारला मी तिथे जायचे ते छंद म्हणून नाही. दादाला वाटायचं माझं मन रमतं. रमायचं नाही.

मग तो माणूस बाकावरून उठला आणि मला वाटलं, तू आलीस. वाटलं, तोंडावर सांगायची माझ्यात हिंमत नाही, हे तुला कळलं म्हणून तू अशी आलीस. आठवडाभर मी नुसतीच तुझ्याबरोबर बसायचे. फार बरं वाटायचं. मग एक दिवस सांगून टाकलं. एका बोटाने लिहायला पाऊण तास लागला. चष्मा सारखा पुसावा लागत होता.

उत्तर आलं, 'ठीक आहे. आता फोनवर आलेला नंबर पाठव.'

वाटलं, रागावली. तिचे बाबा होते, तिला हक्क आहे. निदान मागितलेलं तरी देऊ म्हणून फोनवरचे आकडे दोनदा वाचून पाहिले, चुकायला नकोत म्हणून, आणि पाठवले. तू पुन्हा काही बोलली नाहीस. त्यानंतर तुझा फोन आला की मी दादाकडे द्यायचे, आठवतं? तू त्याच्याशी हवापाण्याचं बोलायचीस आणि मला वाटायचं, किती गार झाली आहे ही आपल्याशी.

तू लिहिलंस की ते लोक समोरचं वाचतही नाहीत. बरं झालं म्हणायचं की वाईट, मलाही कळत नाही. जन्मभर पोटात ठेवण्यासारखी गोष्ट मी पाच महिन्यांत बाहेर काढली आणि ती कोणीच ऐकली नाही. पुन्हा काढायला हे पंधरा दिवस गेले. चार कागद फाडले.

हे पत्र दादाच्या हाती देत नाही. स्वतः जाऊन टाकते, नाहीतर दारातून परत घेईन. त्याला मी आज संध्याकाळी सांगणार आहे. तो थट्टा करणार नाही, याचीच मला जास्त धास्ती आहे.

तू उत्तर लिहू नकोस. फोनही नको. ये, आणि माझ्यासमोर बसून बोल, म्हणजे बोलणारी तूच आहेस हे मला दिसेल. मनात येईल ते म्हण. रागाव, रड, चार मिनिटं का थांबलीस म्हणून विचार. काहीही म्हण. फक्त 'ठीक आहे' म्हणू नकोस.

आई